बिर्केच्या दारावरून

"आज गावात थांबायचं नाही, गाशे झेऊदू. सरळ कड्याकडे चला," रोबेल म्हणाला. म्हणाला तेही घड्याळाकडे बघत.

"बिर्केच्या दारावरून जायचं?"

"वाट तिथूनच आहे, तर त्याला मी काय करू? मान खाली घालायची आणि चालायचं."

रोबेल सहल-कंपनीचा माणूस, राजधानीतून आलेला. तिशीही गाठली नव्हती, पण गाशे म्हणण्यापुरता मान द्यायचा. झेऊदू चोपन्नचा. बावीस वर्षं तो परदेशी पाहुण्यांना मेकेटचं पठार चार दिवसांत पायी फिरवून आणत होता. त्यातली चौदा वर्षं तिसरा मुक्काम बिर्केकडे. पाहुण्यांचे पाय धुऊन झाले की ती कोमट पाण्याची घागर घेऊन त्याच्याकडे वळायची. "कर रे पाय पुढे. तुझे काय लाकडाचे आहेत?"

परवा बिर्के गेली. तिला मातीत ठेवलं तेव्हा झेऊदू दोन दऱ्या पलीकडे या चौघा पाहुण्यांना माकडं दाखवत होता. निरोप आज सकाळी गाढववाल्याने आणला. आज तिसरा दिवस, सगळं गाव तिच्या अंगणात जमणार. त्या पठारावर दुःखाच्या घरावरून कुणी तसंच पुढे जात नाही. वैर असलं तरी काठी दाराशी टेकवायची, आत जाऊन मोठ्याने रडायचं, उकडलेल्या गव्हाचे चार दाणे तोंडात टाकायचे. जो जात नाही, त्याच्या घरचं प्रेत उचलायला कुणी येत नाही.

"अर्धा तास दे," झेऊदू म्हणाला.

"पाहुणे सुट्टीवर आलेत, मयतीला नाही. सूर्यास्त कड्यावरूनच दाखवायचाय. पत्रकात छापलंय तसं."

"पत्रकात बिर्केपण छापलीय."

छापलीच होती, मुखपृष्ठावर. हातात भाकरीची टोपली, तोंडभर हसू. फोटो काढताना तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर थांबा, बरा झगा घालून येते, म्हणाली असती.

इंगे नावाच्या म्हाताऱ्या पाहुणीने नेमकं तेच पत्रक काढलं. "ही बाई आज भेटणार ना?"

"ती सुट्टीवर आहे. मुलीकडे गेलीय," रोबेल म्हणाला. एवढं गुळगुळीत, की खरं ठाऊक असणाऱ्यालाही पटावं.

इंगेने झेऊदूकडे पाहिलं. तीन दिवसांत तिचा त्याच्यावर विश्वास बसला होता. "बरी आहे ना ती?"

"बरी आहे," झेऊदू म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि तोंड कडू झालं. नोकरीपायी माणूस काय काय गिळतो; पण मेलेल्या बाईला बरी म्हणायचं? स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली त्याला. तो भराभर पुढे निघाला.

टेकाड चढल्यावर आवाज आला. एक बाई सुरात बिर्केचे गुण सांगत होती, बाकीच्या छाती पिटत साथ देत होत्या.

"किती सुंदर गातायत! लग्न आहे का?" एका पाहुण्याने विचारलं.

"गावचा सण आहे," रोबेल म्हणाला. पाहुण्याने लगेच फोन वर धरला.

झेऊदू वाट अडवून उभा राहिला.

"फोन खाली घ्या. सण नाही तो. त्या रडतायत. तुमच्या पत्रकातली बाई मेली, परवा. हा खोटं बोलला. मीपण बोललो."

"वेड लागलं काय तुला?" रोबेलचं गाशे म्हणणं तिथेच संपलं. "तुझा वाटाड्याचा बिल्ला गेला समज आजपासून!"

"जाऊ दे. तू तुझ्या आईच्या दारावरूनही असाच घड्याळ बघत जाशील काय रे?"

"माझ्या आईला मध्ये आणू नको!"

"मग कुणाला आणू? कुणाची तरी आईच गेलीय ना तिथे?"

झेऊदूने गळ्यातला बिल्ला काढून रोबेलच्या हातात ठेवला. "वाट सरळ आहे. डाव्या हाताला कडा, तेवढं यांना सांभाळून ने."

इंगे पुढे आली. "मी येऊ तुमच्याबरोबर?"

"टोपी काढा. रडू येत नसेल तर गप्प बसा. पण सांत्वनाचं भाषण करू नका."

बाकीचे तिघे सूर्यास्ताकडे गेले. त्यातल्या एकाने दोनदा मागे वळून पाहिलं.

कुंपणाशी झेऊदूने काठी टेकवली आणि रीतीप्रमाणे हंबरडा फोडला, "बिर्के! अगं बिर्के!" पुढचं रडणं रीतीचं राहिलं नाही.

बिर्केची मुलगी येशी बाहेर आली. डोळे सुजलेले, पण आवाज आईचाच. "आलात का, गाशे? मातीच्या वेळी कुठे होतात?"

"माकडं दाखवत होतो, पोरी."

येशीने बाजूला होऊन दोघांना आत वाट दिली. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी हात लांब करून इंगेला खाली बसवलं आणि आपल्या शालीचं टोक तिच्या डोक्यावर ओढलं.

पुरुषांचं बाकडं भिंतीशी होतं, गच्च भरलेलं. झेऊदू उभाच राहिला. तेव्हा टोकाचा म्हातारा जरा सरकला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळी रांगच. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. वीतभर जागा झाली. झेऊदू तिथे अंग चोरून बसला.