जशुबेनला डिसमिस!

मित्रांनो, मी एक जुनं डिसमिस बोलतोय आणि माझा राग अजून उतरलेला नाही. तुम्ही मला स्क्रूड्रायव्हर म्हणता. आमच्या गुजरातेत, मोरबीच्या घड्याळांच्या कारखान्यांत, मला डिसमिस म्हणतात. या नावानेच पुढे घोटाळा केला.

माझी दांडी पोलादी, मूठ पिवळी. कारखान्यात आल्यापासून मी जशुबेनच्या हातात होतो. घड्याळाच्या प्लास्टिकच्या डब्यात, कोपऱ्यांना पोकळ नळ्या असतात. त्यांत जाणारा स्क्रू विरळ, खोल आट्यांचा हवा, म्हणजे तो प्लास्टिकमध्ये आपली वाट करतो. उघडलेला डबा पुन्हा बंद करताना जशुबेन स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवायच्या. टक् झालं की जुनी वाट सापडली. मग सुलट, आणि हाताला अडल्यासारखं वाटलं की बस्स. "डब्याचा गळा दाबायचा नाही गं," असं त्या नव्या बायकांना सांगायच्या. माझं तेव्हा फार कौतुक होई.

मग विजेवर चालणारं डिसमिस आलं आणि मी खणात गेलो. त्याचं वाईट वाटलं, राग नाही आला. राग आला तो कोलकात्याहून आलेल्या नव्या साहेबांचा. त्यांनी पत्र्याच्या कामातले बारीक आट्यांचे स्क्रू स्वस्तात उचलले. प्लास्टिकमध्ये ते धरेनात, नुसते फिरत. साहेब ओरडत, "आवळा अजून!" बायका आवळत आणि नळ्या तडकत. फोरमन वशरामभाईंना हे कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं. एकट्या जशुबेन बोलल्या.

"साहेब, हे स्क्रू पत्र्याचे. निदान मशीनचा जोर तरी कमी करा."

"मला शिकवता?"

दिवाळीचा माल फुटून परत आला. साहेब तडक जशुबेनच्या टेबलाशी आले. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं.

"हिनेच डबे फोडले. वशराम, हिला आत्ताच्या आत्ता डिसमिस!"

वशरामभाई धावले, खणातून मला काढलं आणि जशुबेनच्या हातात ठेवलं. "घ्या बेन, साहेब म्हणतात हातानेच बसवा."

सगळ्या बायका खो खो हसल्या.

"अरे मूर्खा, कामावरून काढून टाक म्हणतोय!" साहेब किंचाळले.

हसू जागच्या जागी विरलं. जशुबेननी जेवणाचा डबा उचलला, चपला घातल्या. मी मुठीतच होतो.

"बेन, ते ठेवा. कारखान्याचं आहे," वशरामभाई खालमानेने म्हणाले.

"का बरं? साहेब म्हणाले, जशुबेनला डिसमिस. तुम्ही दिलंत, मी घेतलं!" मग त्या वशरामभाईंकडे वळल्या. "आणि वशरामभाई, तुम्हालाही तोंड होतं ना? ते कुठल्या खणात ठेवलंत?"

आणि मला घेऊन त्या फाटकाबाहेर पडल्या.

आता आम्ही दोघं शेजारपाजारची घड्याळं, रेडिओ दुरुस्त करतो. काम कधी मिळतं, कधी नाही. जशुबेन अजूनही स्क्रू आधी उलटा फिरवतात, टक् ऐकतात, मग हलक्या हाताने बसवतात.

मित्रांनो, स्क्रू ज्याचा त्यालाच लावा. हाताला अडलं की थांबा. आणि शेजारी कोणी आवळतच सुटला असेल तर नुसते बघत बसू नका, ओरडा. तेव्हा नळ्या तडकण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता.