तिच्या नावावरचे अकरा तक्ते

“काका, या खात्यातून आज सकाळी नऊ पाचला कुणीतरी आत आलंय,” तपासनीस बाई पडद्यावर पेनाचं टोक टेकवत म्हणाल्या. “आणि कर्मचाऱ्यांच्या यादीत या बाईंच्या नावापुढे ‘मृत’ लिहिलंय. तीन वर्षांपूर्वी.”

सर्व्हरच्या खोलीत पंख्यांची घरघर तेवढी चालू होती. रुग्णालयातल्या प्रत्येक रुग्णाची नोंद त्या काळ्या कपाटात होती. कुणी काय पाहावं नि कशाला हात लावू नये, हे ठरवायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे किल्लीकाका म्हणत. कुणाचा पासवर्ड टेबलावर चिकटवलेला दिसला की काका तो स्वतः फाडत. मोठ्या डॉक्टरांनाही सोडत नसत. “साहेब, घराची किल्ली दाराला टांगून झोपता का?”

सकाळपासून तपासणी छान चालली होती. बाईंनी मुद्दाम एक खोटंच नाव टाकून आत शिरायचा प्रयत्न केला. उत्तर आलं, ‘प्रवेश नाकारला. पासवर्ड चुकला.’ मग खरं नाव टाकलं आणि पासवर्ड खोटा. उत्तर तेच.

“वा! असं नाव आहे की नाही, तेसुद्धा कळू देत नाही तुमचा सर्व्हर.”

“दार ठोठावणाऱ्याला घरात कोण आहे, कोण नाही, ते सांगायचं नाही,” काका म्हणाले होते. “आमच्या हिची शिकवण.”

आणि आता हे खातं निघालं होतं. तिचंच.

“कुणीतरी आत घुसलंय, काका. मला आजच वर कळवावं लागेल.”

“कुणी घुसलेलं नाही.” काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. “मीच आहे तो.”

“तुम्ही?”

“रोज. आलो की आधी तिच्या नावाने आत जातो. कशाला हात लावत नाही हो, देवाशपथ. मग माझ्या नावाने जातो आणि आत कोणकोण आहे त्याची यादी काढतो. तिचं नाव वर असतं, खाली माझं. मी गाडी लावून येईस्तोवर ती नेहमी आत बसलेली असायची ना, तसंच. एकदा बघतो नि तिचं बंद करतो.”

“आणि पासवर्ड? तो तर नव्वद दिवसांनी संपतो.”

“बदलतो की. नियम म्हणजे नियम.”

बाईंना हसू आलं आणि ते ओठांवरच राहिलं. “काका, मला हे लिहावं लागेल. कदाचित तुमच्या किल्ल्या काढून घेतील.”

“लिहा. माझ्या नावासमोर काय लिहायचं ते लिहा. तिच्या नावाला मात्र डाग नको. ते तेवढं सांभाळा.”

“त्यांच्या नावासमोर काही येणार नाही. पण पाचच्या आत खातं काढा.”

काकांनी आधी सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवली. मग खातं काढायचा आदेश दिला. सर्व्हरने नकार दिला. ‘या नावाच्या मालकीचे अकरा तक्ते शिल्लक आहेत.’

ते विसरलेच होते. दोघं एकाच वर्षी इथे लागले होते. “तुम्ही दार सांभाळा, घर मी लावते,” म्हणत, रुग्णांच्या नोंदी ज्यांत भरतात ते तक्ते तिने एकेक करून आखले होते आणि प्रत्येकाला आपल्या शब्दांत टीप जोडली होती. ‘खाटा’ या तक्त्याला लिहिलं होतं, ‘रिकामं म्हणजे शून्य नव्हे. उगाच शून्य भरू नये.’ आणि ‘नवजात’ला, ‘नाव ठरवायला घरच्यांना वेळ लागतो. रकाना कोरा चालेल. घाई करू नका.’

काका बराच वेळ वाचत राहिले. जिच्या नावावर काही उरलंय तिला जाता येत नाही. देवाच्या कचेरीतही असाच कायदा असेल का?

“तुमच्या नावावर करून घ्या ना,” बाई हळूच म्हणाल्या.

काकांची बोटं कळफलकावर थांबली. मोह मोठा होता.

“नको. माझ्याकडे आले तर मी पुन्हा कवटाळून बसेन. नोंदणी विभागाच्या नावावर करतो. सगळ्यांचे होऊ देत.”

“आणि या टिपा?”

“त्या तक्त्यासोबत राहतात. मालक बदलला तरी.”

अकरा तक्ते नोंदणी विभागाच्या नावावर गेले. पुन्हा आदेश दिला. ‘झालं.’ एवढाच शब्द आला. बाईंनी आपल्या कागदावर खूण केली, काकांच्या खांद्याला क्षणभर हात लावला आणि त्या निघून गेल्या.

एक काम उरलं होतं. कुलूप लावल्यावर ती एकदा ओढून बघायची, घरी आणि इथेही. काढलेल्या खात्याने आत जायचा एकदा प्रयत्न करायचा, ही पद्धत तिनेच घातलेली. काकांनी तिचं नाव लिहिलं. पासवर्ड लिहिला, कालपरवाच बदललेला, एकही अक्षर न चुकवता.

‘प्रवेश नाकारला. पासवर्ड चुकला.’

काका बघत राहिले. असं कुणी नाही, असं सर्व्हर म्हणाला नव्हता. जणू ती आत बसलेली होती आणि यांनाच नेमका शब्द आठवत नव्हता.

त्यांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. पडदा बंद केला, आणि उठताना शेजारची खुर्ची हलकेच टेबलाखाली सरकवली.