गळ्याभोवतीचा काळा पट्टा

मी रतनबाईची चांदीची सरी बोलतेय. सोनईच्या सोनाराने मला घडवलं आणि लग्नात मी तिच्या गळ्यात आले. खुरपताना, दळताना, पाणी शेंदताना मी तिच्यासोबतच असायचे.

लढाईच्या दिवसांत चारा मिळेना, म्हणून तिच्या नवऱ्याने, मच्छिंद्राने, म्हैस विकली. घरातलं दूध-ताक गेलं. डाळ शिजली तर पुरुषांपुरती. रतनबाई सगळ्यांच्या मागून जेवायची. ज्वारीची भाकरी आणि ठेचा. वर्षभर तेच.

उन्हात काम करता करता तिच्या हातापायांची कातडी भाजल्यासारखी लाल झाली, मग काळी पडून सोलली. गळ्याभोवतीही तसाच पट्टा उमटला, नेमका माझ्या खाली.

"ही चांदीच बाधली हिला," सासू छबूबाई म्हणाली. "काढ ती सरी!"

मला भिंतीतल्या देवळीत ठेवलं. पट्टा काही गेला नाही.

मग तिची जीभ सोलली. ठेचा सोसेना, म्हणून ती भाकरी पाण्यात कुस्करून खाऊ लागली. जुलाब थांबेनात. झोप उडाली. एके दिवशी तिने पोटच्या पोरीला, भीमाला, विचारलं, "तू कुनाची गं?"

भीमा रडत बाहेर पळाली. छबूबाईने देवऋषी बोलावला. त्याचे अंगारे-धुपारे चालले तोवर रतनबाईला उठवेना झालं.

शेवटी मच्छिंद्राने तिला बैलगाडीत घातलं. पैसा लागला तर मोडायला म्हणून मला कनवटीला बांधलं. दवाखान्यातल्या लिडियाबाई नर्सने तिची जीभ बघितली, हात बघितले.

"सरीनं झालं का वो हे?" त्याने विचारलं.

"न्हाई, दादा. दूध, डाळ, अंडं, काय मिळत हुतं हिला? नुसत्या ज्वारीवर बाई जगली, त्यानंच कातडी न् जीभ सोलली, डोकं फिरलं. आधी आणली असती तर..."

"भाकरी कधी कमी पडू दिली न्हाई आमी," तो पुटपुटला.

सुया टोचल्या, चमच्याने दूध पाजलं. ते पोटात ठरेना. पहाटे ती गेली. मच्छिंद्र हाका मारत होता, तिने त्याला ओळखलं नाही.

मला मोडावं लागलं नाही. मी पुन्हा देवळीत आहे. आता चूल भीमाकडे आहे. काल तिने तळाशी उरलेली आमटी बापाच्या ताटात ओतली आणि स्वतः कोरडी भाकरी घेऊन बसली. तो मान खाली घालून जेवत राहिला.

मच्छिंद्रा, तुला सांगितलं होतं ना रे त्या नर्सबाईने? मोड मला. दुधाला एक शेळी आण. पोरीला आधी वाढ.