विषय यंत्राचा आहे

कार्यालयात त्याला सगळे अधिकउणे म्हणत आणि हे नाव त्याला मनापासून आवडायचं. वजनं आणि तापमापकं तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत त्याची बावीस वर्षं गेली होती. दुकानांची, कारखान्यांची वजनं त्याच्या टेबलावर येत. तो ती चिमट्याने उचलून तराजूत ठेवी, कारण बोटाचा तेलकटपणा लागला तरी वजन फिरतं. मग दाखल्यावर आकडा लिहायचा आणि त्यापुढे अधिक-उणे किती, म्हणजे तो किती इकडेतिकडे असू शकतो, ते. या शेपटीशिवाय आकडा म्हणजे नुसती बडबड असं त्याचं मत होतं, आणि जगातली बहुतेक माणसं बडबडच करतात हेही. दोन मिनिटांत चहा आणतो म्हणणाऱ्या शिपायाला तो विचारायचा, अधिक-उणे किती? शिपायाने शेवटी त्याला चहा विचारणंच सोडून दिलं.

माणसांनाही तो चिमट्यानेच उचलायचा. त्यातही सगळ्यात लांबून कुणाला उचलत असेल, तर भाऊजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला.

भाऊजी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, मग निवृत्त झाले आणि चुका यायच्या थांबल्या. माणूस कासावीस झाला. पुढे त्यांना फोनवर ‘पुरावा द्या’ नावाचा गट सापडला आणि त्यांच्या जिवात जीव आला. विज्ञानाच्या नावाने चालणाऱ्या या गटात नऊ हजार मंडळी होती, आणि कशावरही विश्वास न ठेवणं हाच सगळ्यांचा मिळून एक अभ्यास होता. कुणी काही म्हटलं की खाली ‘पुरावा?’ एवढंच लिहायचं. पुरावा दिला की तो कुणी दिला ते विचारायचं. देणारा शिकलेला निघाला तर तो विकला गेलेला, नाही शिकलेला तर त्याला काय कळतंय. अशी शंका घ्यायला काही वाचावं लागत नाही, त्यामुळे गट झपाट्याने फुगत होता.

ताईला या कशाशी देणंघेणं नव्हतं. ती घरी शिवणकाम करायची, आणि दोन वर्षांपूर्वी तिला साखरेचा आजार निघाला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज सकाळी बोटाला टोचून साखर मोजायला सांगितली. मोजायचं यंत्र अधिकउणेनेच आणलं. त्याने ते दोनदा रक्ततपासणीच्या अहवालाशी ताडून पाहिलं आणि मगच तिच्या हातात दिलं. डबीच्या झाकणावर डॉक्टरांचा निरोप आपल्या सुबक अक्षरात लिहून चिकटवला: तीनशेच्या वर दोनदा आली, तर त्याच दिवशी दवाखाना.

ताई हसून म्हणाली होती, “तीनशेला अधिक-उणे नाही लावलंस?”

“तुला कशाला तो घोळ? तू फक्त आकडा बघ.”

भाऊजींनी गटात अधिकउणेलाही ओढलं होतं, आणि एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, त्या गटावर भाऊजींचा लेख आला. शीर्षक होतं, ‘एक बोट, तीन आकडे’. सोबत यंत्राचे तीन फोटो, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने काढलेले: ३१८, ३४१, ३२७. शेजारी एक बोट, टोकाला रक्ताचा थेंब. भाऊजींनी लिहिलं होतं की रक्त तेच, बोट तेच, मग आकडे तीन कसे? यातला खरा कोणता? तीन वेळा तीन उत्तरं देणाऱ्याला आपण साक्षीदार म्हणतो की लबाड?

इथपर्यंत वाचून अधिकउणेने डबा बाजूला सारला. चूक सापडली होती, आणि चूक सापडल्यावर पुढचं वाचत बसणं हे त्याच्या लेखी वेळ घालवणं होतं. लेखाची शेवटची ओळ म्हणूनच त्याने वाचली नाही. त्या ओळीत लिहिलं होतं की निकाल लागेपर्यंत आमच्या घरात या यंत्राच्या जिवावर घ्यायच्या गोळ्या बंद.

त्याने उत्तर लिहायला घेतलं. हात शिवशिवतच होते. कुठलंही यंत्र तीनदा मोजलं की थोडा फरक येणारच, त्याने समजावलं; उलट दरवेळी तंतोतंत तोच आकडा आला, तर संशय घ्यावा. तिन्हींची सरासरी ३२९, आणि एकही आकडा तिच्यापासून चार टक्क्यांहून लांब नाही. माहितीपत्रक पंधरा टक्क्यांची सूट देतं. शिवाय हे यंत्र मी स्वतः ताडून पाहिलं आहे. तेव्हा यंत्र उत्तम आहे, बिघाड वापरणाऱ्याच्या डोक्यात आहे. हे शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं आणि त्याला आपलंच कौतुक वाटलं.

गट तुटून पडला. माहितीपत्रकातला ‘अनिश्चितता’ हा शब्द कुणीतरी लाल रंगाने घेरून टाकला: बघा, कंपनीच कबूल करते की त्यांना खात्री नाही. शंभर जणांनी टाळ्या वाजवल्या. अनिश्चितता म्हणजे खात्री नसणं नव्हे, आपली खात्री कितपत आहे ते प्रामाणिकपणे सांगणं, असं त्याने लिहिलं. त्याचं म्हणणं खरं होतं. ते इतकं खरं होतं की दुसरं काही त्याला दिसेनासं झालं. एकाने लिहिलं की आमचे आजोबा कधी काही मोजत नव्हते, नव्वद वर्षं जगले. त्यालाही याने एका मेलेल्या म्हाताऱ्यावरून नियम ठरत नसतो, असं सुनावलं.

त्या गदारोळात फुलाचं चित्र लावलेल्या एका बाईने एकच ओळ लिहिली: “बोट कुणाचं आहे हे? तिन्ही आकडे तीनशेच्या वर आहेत, आधी दवाखान्यात न्या.”

अधिकउणेला राग आला. इथे मोजमापाच्या मुळाशी हात घालायचं काम चाललंय आणि ही मध्येच कळवळा घेऊन आली. त्याने लिहिलं, “विषय यंत्राचा आहे, बोटाचा नाही.” त्याला दोनशे बारा जणांनी पसंती दिली, आणि त्यात पहिली भाऊजींची होती. एवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं.

भांडण दहा दिवस चाललं. भाऊजी सकाळी मुद्दा टाकत, हा दुपारी तो सोलून ठेवी. त्या दहा दिवसांत त्याने ताईला एकदाही फोन केला नाही. भाऊजींनी उचलला तर उगाच बोलाचाली, असं तो स्वतःला सांगत होता. खरं म्हणजे त्याला वेळ नव्हता.

दहा दिवसांनी, शुक्रवारी, भाऊजींनी नवा फोटो टाकला. यंत्राच्या पडद्यावर या वेळी आकडाच नव्हता. दोन इंग्रजी अक्षरं होती, वाचली की ‘हाय’ होणारी. भाऊजींनी खाली लिहिलं होतं, ‘आता यंत्र रामराम करायला लागलं. मेहुण्याने हेही मोजून दाखवावं.’ गट हसून हसून लोळत होता.

अधिकउणे वजनांच्या खोलीत उभा होता. त्याने चिमटा खाली ठेवला आणि उभ्या उभ्या लिहायला लागला: अहो विद्वान, माहितीपत्रक उघडायचे कष्ट घेतले असते, तर कळलं असतं. हाय म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही. हाय म्हणजे रक्तातली साखर सहाशेच्या वर

आणि अंगठा तिथेच थांबला.

त्याने मंगळवारचा लेख पुन्हा काढला. ३१८, ३४१, ३२७. आकडे तेच होते. बोट पहिल्यांदाच नीट पाहिलं: सुया टोचून टोचून खरखरीत झालेलं, नखाच्या कडेला कात्रीचा जुना व्रण. मग शेवटची ओळ वाचली. फुलवाल्या बाईची ओळ शोधली तर ती नव्हती. विषयांतर म्हणून गटाने काढून टाकली होती. त्याचं उत्तर मात्र तिथेच होतं, दोनशे बारा पसंतींसकट.

डबीच्या झाकणावर त्यानेच लिहिलं होतं. यंत्र उत्तम आहे असं त्यानेच चारचौघांत सिद्ध केलं होतं. यंत्र उत्तम असेल तर ताईची साखर खरंच सव्वातीनशेच्या घरात आहे, इतकी पुढची एक पायरी त्या शहाण्याला चढता आली नव्हती.

तो धावत ताईच्या घरी पोचला. दार भाऊजींनी उघडलं आणि तोंड उघडून काहीतरी म्हणणार, तेवढ्यात याचा चेहरा बघून बाजूला झाले. ताई शिलाई मशीनशेजारच्या पलंगावर आडवी होती. उशाशी पाण्याचे दोन तांबे, दोन्ही रिकामे. ओठ सुकून फुटलेले, डोळे अर्धवट मिटलेले. गोळ्यांची पाकिटं खिडकीत ओळीने मांडलेली होती, न फोडलेली.

“ताई, गोळ्या का नाही घेतल्यास?”

त्याला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. मग अगदी साधेपणाने म्हणाली, “तुमचं दोघांचं ठरत नव्हतं ना. म्हटलं, ठरलं की सांगतीलच.”

भाऊजी पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी पुरावा मागितला नाही. हातातल्या फोनवर गट अजून टिणटिण वाजत होता, तो त्यांनी बंद केला, आणि ताईच्या चपला शोधायला लागले. एक सापडत होती, दुसरी सापडत नव्हती. शेवटी दोघांनी तिला तशीच अनवाणी खाली नेली.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं, सलाईन लावलं. दोघे बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. शुद्ध हरपली आहे, म्हणाल्या, शरीरातलं पाणी पार आटलंय, पुढचे दोन दिवस काहीच सांगता येणार नाही. मग हातातला कागद सरळ करून त्यांनी विचारलं, “साखर तीनशेच्या वर किती दिवसांपासून होती, काही कल्पना आहे?”

भाऊजींनी मान खाली घातली.

“दहा दिवस,” अधिकउणे म्हणाला.

“साधारण?”

“नाही. नेमके दहा.”

कशावरून म्हणता, असं त्यांनी विचारलं नाही. कागदावर दहा लिहिलं आणि त्या आत गेल्या.