फाटकाकडे तोंड करून

ओग्न्यान शिडीवर उभा राहून भिंतीला भोक पाडत होता आणि खाली वेलिका दोन्ही हातांनी शिडी धरून होती. कमरेने अधू झालेल्या म्हाताऱ्या सासूच्या धरण्याने जावई पडायचा थोडाच वाचणार होता! पण शिडी तिच्या नवऱ्याने, असेनने, स्वतःच्या हाताने केलेली होती आणि तिची तिसरी पायरी दगा देते हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

"आई, शेवटचं सांगतो," ओग्न्यान वरून म्हणाला, "कॅमेरा कोठाराकडे तोंड करून लावू. चोर मागच्या कुंपणावरून येतात. फाटकातून टोपी काढून, नमस्कार करत कोण येतो?"

"मला चोर बघायचाच नाहीये. नेऊ दे काय न्यायचं ते. चूल बिडाची आहे, उचलताना त्याचीच कंबर जाईल, म्हणजे मला सोबत होईल. तू फाटकाकडे लाव."

ओग्न्यानने बायकोकडे पाहिलं. रुम्याना दाराच्या पायरीवर बसून ढोबळ्या मिरचीच्या चटणीच्या बरण्या खोक्यात भरत होती. तिने पुढची बरणी उचलली. आईला फाटकच का हवंय, हे घरात कुणी बोलत नसे, पण जाणत सगळेच होते.

रुम्यानाचा धाकटा भाऊ प्लामेन. बापाशी जमिनीवरून भांडण झालं, बापही हट्टी आणि मुलगाही त्याच मातीचा. "मी जिवंत असेपर्यंत या फाटकात पाऊल टाकू नकोस," असं असेन बोलून गेला, आणि पोराने ते शब्द जसेच्या तसे उचलून स्पेनपर्यंत नेले. तिथे संत्र्यांच्या बागांत काम करतो, एवढंच कळलं. ना पत्र, ना फोन. चार वर्षांपूर्वी असेन गेला. शेजारणीच्या भाच्याने तिकडे बाजारात प्लामेनला गाठून ती बातमी सांगितली होती. तो म्हणे ऐकून पेट्या उतरवत राहिला. तेव्हापासून वेलिका वाट बघत होती. आता बाप नाही. आता शपथ सुटली. आता पोर येईल.

म्हणून तर ती प्लोवदिव शहरात मुलीकडे जायला तयार नव्हती. मागच्या हिवाळ्यात बर्फावर घसरून कंबर मोडली, तरी हेका एकच: "तो आला आणि घराला कुलूप दिसलं तर?" शेवटी जावयानेच तोड काढली होती. कॅमेरा लावू. तुम्ही प्लोवदिवला बसून फाटक बघा.

बघायचं म्हणणं सोपं होतं, जोडणं नव्हे. सिमकार्डावर चालणारा राउटर आणला होता, त्याचे दिवे लागले. पण कॅमेरा काही केल्या त्याला ओळख देईना. त्याचा निळा दिवा नुसता लुकलुकत होता. ओग्न्यान फोन उंच धरून अंगणभर फिरला, अक्रोडाखाली गेला, विहिरीपाशी गेला.

"घरात नेट येतंय आणि भिंतीच्या बाहेर येत नाही. भिंती आहेत का किल्ला?"

"असेनने बांधल्यात," वेलिका म्हणाली. "त्याच्यातून काही बाहेर जायचं नाही. त्याच्या स्वतःतूनही कधी गेलं नाही."

मग राउटर स्वयंपाकघराच्या खिडकीत हलवला. एका बाजूला जिरॅनियमची कुंडी, दुसऱ्या बाजूला संत निकोलाचं चित्र. तिथून मात्र नेट पोचलं. फोनने कॅमेऱ्याला कोड दाखवला, कॅमेऱ्याने कुठल्याशा बाईच्या आवाजात "जोडणी झाली" म्हटलं, आणि वेलिकाने छातीवर क्रूस काढला.

"पासवर्ड हवा, आई. तुमच्या लक्षात राहील असा."

"प्लामेन."

"नुसतं नाव चालत नाही. आकडे पण लागतात."

"त्याचं जन्मवर्ष घाल. तेही मला पाठ आहे."

रुम्याना बरण्या भरायची थांबली. "माझं नाव घातलं असतंस तर कॅमेरा चालला नसता का गं?"

"तू तर रोज दिसतेस," आई म्हणाली. "तुला बघायला कॅमेरा कशाला?"

टॅब्लेटच्या काचेवर फाटक उमटलं. लोखंडी गजांचं, हिरवं, डाव्या अंगाला खचलेलं. पलीकडे गल्ली. गल्लीत कुणी नव्हतं. गावात आता होतंच कोण! पूर्वी या फाटकापाशी संध्याकाळी गुरं परतायची, तेव्हा घंटांच्या आवाजात हाक ऐकू यायची नाही. पोरं गजांवर चढून झोके घ्यायची. फाटक खचलं ते त्यामुळेच. मग ते उघडायला खांदा खाली घालून, उचलून आत ढकलावं लागे. ती युक्ती प्लामेनने लहानपणीच शोधली होती.

"आणि हे बटण दाबलंत," ओग्न्यान शिकवत होता, "की तुमचा आवाज तिथे ऐकू जातो. त्यांचा तुम्हाला. कुणी आलं तर बोला."

निघायच्या दिवशी सकाळी वेलिकाने एक काम उरकलं. असेनचा स्मरणदिन हिवाळ्यात येई. त्या दिवशी फाटकावर नवं शोकपत्रक लावायचं, नवी काळी फीत बांधायची, ही रीत. यंदा ती नसणार, म्हणून तिने आधीच लावून टाकलं. चांगली नायलॉनची फीत घेतली, म्हणजे बर्फात टिकेल. पत्रकावर असेनचा फोटो, खाली शोक करणाऱ्यांची नावं. त्यात प्लामेनचंही. दर वर्षी ती ते घालायला लावी.

शेजारीण त्सोंका निरोपाला आली होती. मांजराला खायला घालायचं काम तिने अंगावर घेतलं होतं. ती मागच्या कुंपणाच्या खिंडारातूनच ये-जा करी. फितीकडे बघून ती म्हणाली, "अगं वेलिके, दर वर्षी काय बांधतेस? स्मशानातल्या असेनच्या दगडावर तर तुझाही फोटो चिकटवून ठेवलायस. आता मरायचं तेवढं बाकी ठेवलंस."

"पाथरवट दोनदा कशाला बोलवायचा? एका खेपेत दोघांचं झालं. वर्ष तेवढं कोरायचं राहिलंय, ते तू कोर."

"मी? मी तुझ्या आधी जाणार. माझी रांग पुढे आहे."

दोघी हसल्या.

प्लोवदिवला सातव्या मजल्यावर दिवस कसेतरी जात. मुलगी-जावई कामावर गेली की वेलिका टॅब्लेट उभा करून त्याच्यासमोर बसे, विणकाम मांडीवर. फाटकाशी काही हललं की तो टिंग करून वाजे. मांजर गेलं, टिंग. अक्रोडाच्या फांदीची सावली डोलली, टिंग. दर वेळी ती सुया थांबवून काचेकडे बघे. एकदा त्सोंका गल्लीतून चालली होती, तेव्हा तिने बटण दाबून हाक मारली, "त्सोंके, डोक्याला रुमाल बांध, थंडी आहे!" त्सोंकाने हातातली बादलीच टाकली आणि स्वर्गाकडे बघून तीनदा क्रूस काढला. मग कळल्यावर जे काही बोलली, ते संत निकोलाने ऐकलं नसेल तर बरं. शेवटी टिंगटिंगीला कंटाळून ओग्न्यानने आवाज बंद केला. "हललेलं सगळं साठून राहतं, आई. मागाहून बघता येतं."

बर्फ पडलं. फाटकापासून दारापर्यंतची वाट पांढरी, एकही पाऊल न उमटलेली. असेनच्या स्मरणदिनी तिने टॅब्लेटसमोरच मेणबत्ती लावली.

मार्च लागला. आठ तारखेला बायकांचा सण. या दिवशी लेकरं आयांना फुलं देतात. रुम्यानाने हॉटेलात टेबल राखून ठेवलं होतं. वेलिका टॅब्लेट पिशवीत घालायला लागली, तशी मुलगी रडकुंडीला आली.

"आज तरी ते घरी ठेव, आई. आज तरी माझ्याबरोबर बस."

वेलिकाला गलबलून आलं. खरंच होतं ते. जवळ असणाऱ्या लेकराचं कौतुक राहूनच जातं. तिने टॅब्लेट पलंगावर ठेवला, निळा झगा घातला, आणि दुपारभर मुलीच्या शेजारी बसली. वाजंत्री होती. दोघींनी एक गाणंही म्हटलं. घरी आली तेव्हा हातात मुलीने दिलेलं ट्यूलिप होतं आणि मन कधी नव्हे ते हलकं होतं.

मग सवयीने तिने साठलेले तुकडे लावले. मांजर. पुन्हा मांजर. अक्रोडाची सावली.

मग एक टॅक्सी. ती गल्लीच्या तोंडाशी थांबली, तिचा धूर दिसत होता. एक माणूस उतरून चालत आला. जाडसर, डोक्यावर विरळ पांढरे केस, पातळ कोट. इकडच्या थंडीचा विसर पडलेल्या माणसाचा. वेलिकाने ओळखलं नाही. मग तो फाटकापाशी आला आणि समोर न बघताच त्याने डावा खांदा खाली घातला, फाटक उचलून आत ढकललं. कुलूप होतं. फाटक हललं नाही.

"रुम्याना!" वेलिका ओरडली.

त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली फुलं होती. तीन कार्नेशन. जिवंत आईसाठी आणायची तशी, विषम. तो काळ्या फितीकडे बघत राहिला. मग वाकून पत्रक वाचू लागला. काय वाचणार होता? हिवाळ्याने त्यावरचं सगळं धुऊन नेलं होतं. त्सोंकाने नंतर सांगितलं: वरचा क्रूस आणि खालचं आडनाव, एवढंच उरलं होतं, फोटोच्या जागी पांढरा चौकोन. त्याने हाताने तो चौकोन पुसून पाहिला. मान उंचावून घराकडे पाहिलं. धुरांड्यातून धूर नाही, बर्फावर पाऊल नाही, खिडक्या बंद. बापाचं त्याला ठाऊकच होतं. मग ही ताजी काळीभोर फीत कुणाची?

तो थेट कॅमेऱ्याकडे बघत होता. पण त्याला कॅमेरा दिसत नव्हता. आणि इकडे वेलिकाचं बोट त्या बटणावर दाबलेलं होतं, दाबून दाबून पांढरं पडलेलं. "प्लामेन, अरे मी आहे! मी जिवंत आहे रे, बाळा!" पण ते सगळं दुपारीच होऊन गेलं होतं. तिचा आवाज आता रिकाम्या फाटकाशी जात होता.

त्याने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. विचारायला कुणी नव्हतं. गावातल्या उरल्यासुरल्या बायका, त्सोंकासकट, क्लबात सणाला जमल्या होत्या. मग त्याने कागद सोडला. तिन्हींतलं एक फूल काढलं, थोडा वेळ नुसतं हातात धरलं, आणि कुंपणाकडेच्या काटेरी झुडपात टाकून दिलं. उरलेली दोन गजांत खोचली. मेलेल्यांना द्यायची तशी, सम. टोपी नव्हतीच, तरी त्याचा हात डोक्याकडे गेला. मग तो वळला आणि धुराकडे चालत गेला.

रुम्याना पळत आली तेव्हा आई पलंगावर बसून मांडीवरच्या काचेवर हात फिरवत होती.

"एक काढलंन् गं त्याने," ती म्हणाली. "एक काढून टाकलंन्."

त्या संध्याकाळी खूप फोन झाले. टॅक्सीवाला सापडला. तो म्हणाला, त्या माणसाला परत सोफियाच्या विमानतळावर सोडलं, वाटेत काही बोलला नाही. हो, फाटकाहून निघाल्यावर आधी गावच्या स्मशानाशी थांबलो होतो. त्सोंकाच्या भाच्यालाही विचारलं. पण भाच्याने स्पेन सोडून वर्षं झाली होती, कुणाचा नंबर नाही, पत्ता नाही.

"पुन्हा येईल, आई," ओग्न्यान म्हणाला.

"कशाला? जिवंत आईकडे यायला त्याला इतकी वर्षं लागली. मेलेलीकडे कशाला येईल?"

रुम्याना भिंतीकडे तोंड करून रडत होती. "मीच म्हटलं, टॅब्लेट घरी ठेव. मीच."

वेलिकाने तिला जवळ ओढलं. "फीत मी बांधली, रुम्ये. तू नाहीस. आणि आज जेवताना मी खरंच खूश होते, ते खोटं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्सोंका फाटकाशी येऊन उभी राहिली. टॅब्लेटवर तिचं लाल नाक मोठं दिसत होतं.

"ऐकतेस का, वेलिके? स्मशानात जाऊन आले. मेणबत्ती लावून गेलाय. मेण तुझ्या फोटोखाली सांडलंय, असेनच्या नाही." मग ती खेकसली, "सांगितलं होतं, जिवंतपणी फोटो लावू नकोस!"

"ओरडून घे. मग ती फीत काढ."

त्सोंकाने फीत ओढली. नायलॉनची गाठ सुटेना, तेव्हा दातांनी तोडली. पत्रकाचा उरलेला कागदही काढून घडी करून खिशात घातला.

"आता खाली बघ. काट्यांत एक फूल पडलंय."

त्सोंका वाकली, चित्रातून नाहीशी झाली, शिव्या देत वर आली. बोट ओरखडलं होतं. फुलाचं देठ मोडलं होतं, पण पाकळ्या शाबूत होत्या, थंडीने जपलेल्या.

"दोघांत घाल ते. तिन्ही बांध फाटकाला. फितीच्याच जागी."

"कशाने बांधू?"

"तुझ्या मनगटावर काय आहे?"

त्सोंकाच्या मनगटावर मार्तेनित्सा होती. लाल-पांढऱ्या दोऱ्यांचा पीळ, मार्च लागताच सगळ्यांनी बांधायचा, पहिला करकोचा दिसेपर्यंत काढायचा नाही. "करकोचा अजून कुठे आलाय?" ती पुटपुटली. पण सोडला तिने दोरा, आणि तिन्ही फुलं त्याने गजाला आवळून बांधली.

"माझे एप्रन आहेत खुंटीला," वेलिका म्हणाली. "रोज एक धुऊन वाळत घाल. गल्लीतून दिसेल असा. आणि चूल पेटव अधूनमधून, धूर दिसला पाहिजे. रस्ता मोकळा झाला की मी येतेच."

"तुझी कंबर?"

"कंबर इथेही दुखते."

त्सोंका गेली. वाऱ्याने लाल-पांढरं टोक हललं. टॅब्लेट गप्प होता. वेलिकाने जावयाला हाक मारली आणि आवाज पुन्हा चालू करून घेतला.

"आई, दिवसभर वाजत राहील. फुलं हलली तरी वाजेल."

"वाजू दे," ती म्हणाली.

टिंग. ती पुढे झुकली. मांजर होतं. फाटकाखालून आलं, थांबून फुलांकडे बघितलं, आणि बर्फावर पावलं उमटवत घराकडे निघालं.