गिरणीपासून डावीकडे

त्या गावात नवख्या माणसाने पत्ता विचारावा आणि सरळ पोहोचावं, असं सहसा होत नसे. गाव काही मोठं नव्हतं. एक लांब रस्ता, त्याला फुटलेल्या सात-आठ गल्ल्या, खता-बियाण्यांची चार दुकानं, ट्रॅक्टर दुरुस्तीचं एक गॅरेज, दूध संकलन केंद्र आणि चहूबाजूंनी गहू. बस, संपलं गाव. पण पत्ता विचारला की लोक सांगत, "टाकीपाशी वळा," आणि टाकी पाडून वीस वर्षं झालेली असत. "शिंपीणबाईंच्या समोर," म्हणत, आणि शिंपीणबाई लेकीकडे कायमच्या राहायला गेल्याला एक तप उलटलेलं असे. सांगणाऱ्याच्या मनात काडीइतकीही खोट नसे. त्याला टाकी दिसत असे, एवढंच. डोळ्यांनी एकदा पाहिलेलं पुसून टाकायची सवयच या लोकांना नव्हती.

गावचा पेंटर याच मातीतला. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे पाढे, सगळं त्याच्या हातचं. अक्षर असं की गावात कुणाला अर्ज करायचा झाला की कागद थेट त्याच्याकडे येई. आणि परवाच ग्रामपंचायतीने त्याला चौदा पाट्यांचं काम दिलं होतं. प्रत्येक वळणावर एक पाटी, बाणासकट.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. चार महिन्यांपूर्वी ऐन कापणीत, भर दुपारी, पेंटरचा थोरला भाऊ जेवता जेवता छातीवर हात ठेवून कलंडला. पेंटर तेव्हा तिथेच पानावर होता. शेजारच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात त्याने फोन केला, ॲम्ब्युलन्स निघाली, आणि बारा मिनिटांचा रस्ता असताना ती पन्नास मिनिटांनी दारात आली. गाव सगळं शेतावर, रस्त्यात विचारायला चिटपाखरू नाही, आणि ड्रायव्हर नवा. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

गावाने सगळा राग त्या ड्रायव्हरवर काढला. तो कुणाला घ्यायला आला की चहावाला त्याच्याकडे पाठ फिरवायचा. गॅरेजवाला तर त्याला ऐकू जाईल अशा बेताने विचारायचा, "काय हो, आज सापडलं का गाव?" शेवटी सरपंचांनी ठरवलं, याला कामावरून काढायचा अर्ज द्यायचा. अर्ज लिहायला अर्थातच पेंटर. त्याने लिहिला. 'रस्ता स्पष्ट सांगितलेला असतानाही सदर ड्रायव्हरने निष्काळजीपणे वेळ दवडला.' एकेक अक्षर मोत्यासारखं. लिहिताना हात अजिबात थरथरला नाही, आणि त्याबद्दल त्याला पुढे स्वतःची किळस आली.

पहिली सही वहिनीची हवी होती. तेवढी झाली की अर्ज पुढे जाणार होता. सरपंचांनी कागद पेंटरच्याच खिशात कोंबला आणि म्हणाले, "उद्यापर्यंत घेऊन ठेव. घरचंच तर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर नवव्या पाटीसाठी खड्डा खणत होता. ही जागा भावाच्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी. कोपऱ्यावर मोकळं मैदान, त्यात दोन रिकाम्या ट्रॉल्या आणि कुणाचा तरी मोडका नांगर. पहार आपटली आणि खालून खण्ण आवाज आला. माती सारली तर दगडी जोतं. पिठाच्या गिरणीचं जोतं.

पेंटर त्या जोत्यापाशीच खाली बसला. फोनवर आपण काय सांगितलं होतं ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. गेले चार महिने दुसरं काही आठवतच नव्हतं. 'सरळ या, गिरण लागेल, गिरणीपासून डावीकडे, तिसरं घर.' गिरण पाडून अकरा वर्षं झाली होती. पाडली तेव्हा तिची पाटी उतरवायला हाच चढला होता. हे त्याच्या ध्यानात आलं दादा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हापासून तो तोंड मिटून होता.

वहिनी चहाचा पेला घेऊन आली. हा इथे काम करतोय म्हटल्यावर ती आणणारच.

"भावजी, उन्हात असे काय बसलात? बरं वाटत नाही का?"

त्याने पेला घेतला आणि खाली ठेवला. खिशातून अर्ज काढला. "यावर तुमची सही हवीय, वहिनी. पण करू नका."

"म्हणजे?"

"त्या दिवशी मी त्याला गिरण सांगितली. गिरणीपासून डावीकडे वळ म्हटलं." त्याने उघड्या पडलेल्या जोत्याकडे बोट दाखवलं. "कुठे आहे गिरण? तो बिचारा काय बघून वळणार होता? दादाला मी घालवलं, वहिनी. आणि वर हा अर्जही मीच लिहिला."

 वहिनीने पदराने ट्रॉलीचा दांडा पुसला आणि त्यावर टेकली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेना, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"तुम्ही फोन करत होतात तेव्हा मी कुठे होते?" तिने विचारलं.

"दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतात."

"मांडीवर नाही, दोन हातांवर. मला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही गिरण म्हणालात आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, बरोबर सांगितलं, आता चुकणार नाही." ती मैदानाकडे बघत राहिली. "तुम्ही चुकलात हे मला आत्ता, तुम्ही सांगितल्यावर कळतंय. चार महिने मी रोज इथून दूध घालायला जाते. रोज माझ्या मनात येतं, गिरणीपाशी आले."

पेंटर रडला. भर रस्त्यात, चाळिशी उलटलेला माणूस, हमसून हमसून रडला. वहिनीही रडली, पण थोडी, आणि आधी तीच सावरली.

"तुमच्यावर राग नाही असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "चूक झाली त्याचा नाही. गप्प राहिलात त्याचा. तो माणूस फुकट बोलणी खातोय. जा, तो कागद फाडा आणि दुसरा लिहा. अक्षर चांगलं आहे ना तुमचं? मग खरं ते लिहा. पहिली सही मी करते."

नवा अर्ज चार ओळींचा झाला. सरपंच तो वाचून खुर्चीत चुळबुळले. मग म्हणाले, "मीही गिरणच सांगितली असती रे," आणि त्यांनी खाली सही केली.

त्याच दुपारी पेंटर सायकल काढून दवाखान्यात गेला. ड्रायव्हर आवारात गाडीच्या काचा पुसत होता. पेंटरला पाहून त्याने फडकं खाली ठेवलं, जणू आता आणखी काय ऐकायचंय.

पेंटरने सांगितलं. उभ्या उभ्या, काही न लपवता. ड्रायव्हरने ऐकून घेतलं.

"तीन वेळा गेलो मी त्या मैदानावरून," तो शेवटी म्हणाला. "एकदा तर तिथे थांबलोसुद्धा. खाली उतरून पीठ सांडलेलं दिसतंय का ते बघितलं." मग फडकं पुन्हा उचलत म्हणाला, "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं. रात्र रात्र झोप लागायची नाही."

"तुमचं काही चुकलं नाही."

"हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

"मी सांगायला हवं होतं," पेंटर म्हणाला.

ड्रायव्हरने गाडीतून एक वही काढली, कानामागची पेन्सिल घेतली. "आता नीट सांगा. पुन्हा यायची वेळ येऊ नये, पण आली तर."

पेंटरने डोळे मिटले, आणि मग मुद्दाम उघडले. "दूध केंद्र ओलांडायचं. पुढे विजेचा खांब आहे, वाकलेला. त्यानंतर डाव्या हाताला मोकळं मैदान, त्यात दोन ट्रॉल्या. नाही, ट्रॉल्या लिहू नका, त्या नेतील. मैदान लिहा. आजपासून तिथे पाटी आहे. तिथून डावीकडे, तिसरं घर. निळं दार."

"कुणाचं घर म्हणून विचारू?"

"माझ्या दादाचं," पेंटर म्हणाला. पेन्सिल चालू लागली तसा त्याने ड्रायव्हरचा हात धरला.

"खोडा ते. वहिनीचं घर. वहिनीचं लिहा."