बारा बाटल्या, बारा झाकणं

झाकणं मी फार जपून घासली होती. त्यांच्यावर भाचीने शाईने लिहिलं होतं: तळं, ओढा, भिंतीवरचं शेवाळ, बागेतली माती, प्रत्येकी तीन. अक्षरं पुसू नयेत म्हणून मी बुरशी कडेकडेने काढली. बाराच्या बारा लख्ख करून फडक्यावर मांडली, स्वतःवर खूश झाले आणि बाटल्यांकडे वळले. बाटल्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आता कुठलं झाकण कुठल्या बाटलीचं?

या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं काचसामान धुते. भाची इथेच संशोधन करते. तिचा विषय सिलिएट. म्हणजे एका पेशीचा जीव, अंगावर बारीक केस, त्या केसांनीच पाण्यात वल्हवत जाणारा. कुठल्या जागी कोणकोणत्या जातीचे राहतात, हे तिला शोधायचं होतं. माती-शेवाळ आधी पाण्यात भिजवून, नमुना गाळून, त्यात तांदळाचा दाणा टाकून चार दिवस ठेवला की त्यांची भरभराट होते. पण मग तळं काय नि माती काय, सगळं पाणी सारखंच गढूळ. शुक्रवारी तिला तिच्या मार्गदर्शक सरांपुढे आकडे ठेवायचे होते. आधीच एकदा मुदत मागून झाली होती, आणि आज बुधवार.

ती यायला तासभर होता. मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला.

शिक्षण म्हणाल तर दहावी, तेही दुसऱ्या झटक्यात. पण भाचीने एकदा ‘मावशी, बघ गं जरा’ म्हणून तिथे डोळा लावायला लावला, तेव्हापासून मी रोज बघते. आकार बघून नावं माझी मीच ठेवलीत. चप्पल, तुतारी, काजू, घंटी. घंटी देठावर डोलत असते आणि जरा धक्का लागला की देठाचं वेटोळं करून खाली बसते, बाजारात जायचं नाव काढल्यावर आमचे यजमान पांघरुणात शिरतात तशी.

एकेक थेंब काचेवर घेत गेले. तुतारी दिसली, लावलं तळ्याचं झाकण. नुसते काजू असले की माती. कोरडं पडल्यावर अंगाभोवती कवच करून झोपणं त्यांना छान जमतं. बाकीची अशीच अंदाजाने लावत अकरा झाकणं बसली. बाराव्या बाटलीत काजू होते आणि घंट्याही. झाकण उरलं होतं शेवाळाचं.

शेवाळावर घंटी? छे! ती पाण्यातली बाई. मग तळ्याच्या तिघींपैकी जिच्यात जेमतेम एक तुतारी दिसली होती, तिचं झाकण इकडे लावलं, शेवाळाचं तिकडे. आता सगळं कसं शोभून दिसलं.

“मावशी, झाकणं नवीन आणलीस की काय?” भाची आल्या आल्या म्हणाली.

गप्प राहिले असते तर तिथेच मिटलं असतं. पण ती वही उघडून बसली, आणि मला राहवेना.

“धुतली. सगळी एकदम.”

तिने झाकणांकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे. “बाटल्यांवर मी लिहिलंच नव्हतं.”

“नव्हतंस. पण मी बघून लावलीत, ज्याची त्याला. आत कोण आहे ते ओळखते गं मी.”

ती स्टुलावर टेकली. रागावली असती तर बरं झालं असतं. “मावशी, कोण कुठे राहतं हेच मला शोधायचंय ना? तू माणूस बघून घराचा पत्ता लिहिलास. आता तोच पत्ता दाखवून मी म्हणायचं, बघा, हा इथेच राहतो?”

“सरांना काय कळतंय,” मी म्हटलं, आणि म्हणताना माझाच आवाज मला आवडला नाही.

“मला कळतंय.”

“मग मी येते सरांकडे. माझी चूक आहे.”

“बाटलीवर न लिहिणं माझी. तू बस.”

सरांनी दहा दिवस दिले आणि अर्धा तास झापलं. अर्ध्या तासाने ती लाल कान घेऊन आली, बाराही बाटल्या मोरीत ओतल्या आणि म्हणाली, “घास.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी चारही जागी फिरलो. शेवाळ मी खरवडलं, ओढ्यात ती घसरली. या वेळी बाटलीच्या पोटावर लिहिलं आणि झाकणावरही.

पाचव्या दिवशी तिने मला आधी बघू दिलं. शेवाळ, दोन नंबर. काजूंची धावपळ चालली होती आणि त्यांच्यामध्ये आखूड देठांवर घंट्या उभ्या होत्या. तीन नंबरमध्येही तेच. मी बाजूला झाले.

“तू बघ.”

ती बराच वेळ डोळा लावून होती. “भिंतीवर? एवढ्याशा ओलीत?”

“मागच्या वेळीही बहुतेक होत्या,” मी म्हटलं. “मी त्यांना तळ्यात धाडलं.”

“का?”

“शोभत नव्हत्या.”

ती खो-खो हसली. मग वही माझ्याकडे सरकवली. “लिही. शेवाळ, दोन नंबर.”

मी लिहिलं आणि पेन उचललं. “पुढे काय, घंटीच लिहू?”

“लिही. शास्त्रातलं नाव मी शेजारी लिहिते.”